नर्सिंगच्या मुलींना कॉम्प्युटर, अ‍ॅप हे सगळं जमतं का?

तुम्ही विचारलंय, मुलगी खानापूरची, मराठी माध्यमातली, बी.एस्सी. नर्सिंगला घालायची आहे. पण आता दवाखान्यात सगळं डिजिटल झालंय, तिथं तिचं मन रमेल का? मी बेळगावात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. या मुलींना तंत्रज्ञानाचा तिटकारा मुळीच नाही. धास्ती असते ती चुकीची नोंद आपल्या नावावर पडण्याची. त्यात बऱ्याच ठिकाणी तेच टेंपरेचर, तेच बीपी आधी रजिस्टरात आणि मग कॉम्प्युटरवर, असं दोनदा चढवावं लागतं. तिथं मुली वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मन वळतं ते पेशंटजवळ. जांबोटीकडच्या एका आजींचा आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा 14 आकडी नंबर, काढायचा होता. आधारला मुलाचा मोबाईल जोडलेला, तो गोव्यात कामाला, ओटीपी तिकडे गेला. विद्यार्थिनीनं त्याला फोन लावला. तोवर आजी विचारतात, "ह्यानं रेशन बंद पडतंय काय वो बाई?" पोरीनं शेजारी बसून समजावलं, की रेशनचा याच्याशी संबंध नाही, यानं तुमचे रिपोर्ट जोडले जातात, आणि ते दाखवायला तुमची परवानगी लागते. तेव्हापासून ती मुलगी वॉर्डात हे काम स्वतःहून मागून घेते.

मला काळजी वाटते ती उलट गोष्टीची, स्क्रीनवर आंधळा विश्वास बसण्याची. ऑक्सिमीटरवर 84 दिसलं की मुलींचे हातपाय गळतात. पेशंट मात्र नीट बोलत असतो, धाप नसते, ओठ निळे नसतात, फक्त बोटं गार पडलेली. बोट चोळून ऊब दिली आणि परत लावलं की कधी कधी तोच आकडा 97 होतो. आणि पेशंटला खरंच धाप असेल, तर आकडा चांगला दिसला तरी डॉक्टरांना बोलवायचंच. हे मी प्रत्येक बॅचला खाटेजवळ उभं करून दाखवते. वर्गात सांगून ते उतरत नाही.

भारतीय नर्सिंग परिषदेच्या 2021 च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला हेल्थ इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे आरोग्याची माहिती कॉम्प्युटरवर हाताळणं, हा विषयच आहे, त्यामुळे कॉलेजात शिकवतात. पुढे ती कम्युनिटी हेल्थ ऑफिसर झाली, तर पेशंटला शेजारी बसवून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर लांबच्या डॉक्टरांशी जोडून देणं हे तिचंच काम.

तिला आत्तापासून टायपिंगची सवय लावा, आणि कन्नड वाचायला शिकवा. इथं अ‍ॅप इंग्रजीत, सरकारी पत्रकं कन्नडमध्ये आणि पेशंट मराठी बोलणारा, असं रोज होतं. कॉम्प्युटर लवकर हाताखाली येतो, कन्नडला वेळ लागतो. म्हणून आधी कन्नड सुरू करा.