योग की पिलाटेस : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

योगाचा वर्ग चालू ठेवावा की तो सोडून पिलाटेस शिकावे, असे तू विचारले आहेस. दोन्हींत चटई अंथरली जाते आणि श्वासाकडे लक्ष द्यावे लागते, म्हणून ही दोन्ही एकाच व्यायामाची रूपे वाटतात. परंतु ती शरीराकडून निराळ्या गोष्टी मागतात, आणि तुझ्या शरीरात उणीव कशाची आहे हे पाहूनच तू निवड करावीस.

योगाच्या आठ अंगांत आसन हे तिसरे अंग. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखकर असावे असे सांगितले आणि पुढच्याच सूत्रात प्रयत्न शिथिल करण्याचा उपाय दिला. त्यामुळे आसनात पोहोचणे हा केवळ आरंभ असतो, आणि तेथे थांबून अनावश्यक ताण सोडत जाणे हे खरे काम. पिलाटेस फार अलीकडचे आहे. 1883 साली जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटेस पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी आपल्या पद्धतीला आकार दिला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ती शिकवली. या पद्धतीत हातपाय हलत असताना धड डळमळू न देणे ही कसोटी असते. ‘हंड्रेड’ या व्यायामात उताणे पडून डोके, खांदे व पाय उचलून धरायचे आणि पाच ठोक्यांत श्वास घेत, पाच ठोक्यांत सोडत, हात शंभर वेळा खालीवर करायचे असतात. पाहणाऱ्याला हात हलताना दिसतात, पण खरे श्रम पोटाच्या खोल स्नायूंना पडतात. रिफॉर्मर या, स्प्रिंगांना जोडलेला सरकता पाट असलेल्या, यंत्रावर तर काही व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की काम सोपे होण्याऐवजी अवघड होते, कारण त्या पाटाला आवरण्याची जबाबदारी सर्वस्वी आपल्यावर येते.

श्वासातील भेद मात्र नीट समजून घे. पिलाटेसमध्ये पोट किंचित आत धरून बरगड्या बाजूंना फुलवतात, तर शवासनात पोट पूर्ण सैल सोडायचे असते. एकीकडची सवय दुसरीकडे नेलीस, तर शवासनात विश्रांती मिळणार नाही आणि ‘हंड्रेड’मध्ये कंबरेला आधार राहणार नाही.

आता तुझ्याविषयी. तुझे सांधे जात्याच लवचीक आहेत, पुढे वाकताना तुला काहीच कष्ट पडत नाहीत, आणि तरीही वर्गानंतर कंबर दुखते असे तू लिहितेस. अशा शरीराचे योगवर्गात कौतुक होते, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. सांधा त्याच्या शेवटच्या टोकाला नेऊन अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडे जोडणाऱ्या पट्ट्यांवर, लटकत राहिले, तर आसन सुंदर दिसते, पण स्नायू फारसे काम करत नाहीत. म्हणून तू काही महिने आठवड्यातून दोनदा पिलाटेस करावेस, आणि योग न सोडता प्रत्येक आसनात टोकाच्या थोडे अलीकडे थांबावेस, असे माझे स्पष्ट मत आहे. तुझ्या जागी ताठर अंगाची आणि अस्वस्थ मनाची कोणी असती, तर तिला मी आधी योगच सुचवला असता. कंबरदुखी मात्र टिकून राहिली, तर व्यायाम बदलत न बसता डॉक्टरांना दाखव. जुनाट कंबरदुखीत दोन्हींचा काही उपयोग होतो असे संशोधनाचे आढावे सांगतात, पण इतर व्यायामांपेक्षा ती सरस आहेत असे सिद्ध झालेले नाही.

आईलाही सोबत नेणार असशील, तर तिची हाडे ठिसूळ झालेली नाहीत ना, हे आधी विचारून घे. तसे असल्यास पिलाटेसमधील ‘रोल-अप’ (उताणे पडून कणा गोल करत उठून पुढे वाकणे) आणि योगातील पश्चिमोत्तानासन, दोन्ही तिने टाळावीत, कारण कणा जोर देऊन पुढे वाकवल्याने मणक्यांना इजा होऊ शकते. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको. आणि तुम्ही दोघींनी झपाझप चालणे सोडू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि संथ आसनांनी किंवा चटईवरच्या पिलाटेसने हृदयाला तेवढे श्रम सहसा होत नाहीत.

तुझी हितचिंतक