कोंबड्या जगल्या, मग तोटा कुठला? – लेअर फार्मची प्रश्नोत्तरे

प्रश्न : दहा हजार लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या) आहेत, वय ३४ आठवडे. उत्पादन ९२ टक्क्यांवरून ६२ वर आलं. निदान आयबीचं (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस, कोंबड्यांचा विषाणूजन्य आजार). मरतूक मात्र वीस-पंचवीसच. भागीदार म्हणतो, पक्षी वाचले ना, सुटलो. खरंच सुटलो का? (सांगली जिल्हा)

उत्तर : भागीदाराला खाद्याची वही दाखवा. कोंबडी अंडं देवो न देवो, दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खातेच. आजारात चार दिवस खाणं घटतं, पुन्हा पूर्ववत होतं. म्हणजे रोज ११०० किलो. ३० रुपये किलो धरा, रोजचे ३३ हजार. ते ९२०० अंड्यांवर पडत होते तेव्हा अंड्यामागे ३ रुपये ५९ पैसे खाद्य लागत होतं. ६२०० अंड्यांवर पडले की ५ रुपये ३२ पैसे. मजुरी, वीज, बँकेचा हप्ता यात धरलेलाच नाही. अंडं पाच रुपयांनी गेलं तर खाद्याचेही पैसे सुटत नाहीत. महिनाभर असंच राहिलं तर ९० हजार अंडी कमी, म्हणजे साडेचार लाख. त्यापुढे पंचवीस मेलेल्या पक्ष्यांची किंमत ती काय!

शिवाय जी अंडी येतात त्यांचं कवच पातळ, वर सुरकुत्या. फोडलं तर पांढरं पाण्यासारखं पसरतं. व्यापारी दर पाडतो तो वेगळाच. उत्पादन हळूहळू चढेल, पण जुना आकडा गाठेलच असं धरून चालू नका. तरीही ३४ आठवड्यांची बॅच मी विकणार नाही, तिचे अंड्यांचे बरेच महिने बाकी आहेत. ६८ आठवड्यांची असती तर लगेच काढली असती.

प्रश्न : काही कोंबड्यांचा तुरा लालभडक, तब्येत उत्तम, पण अंडंच नाही. (नाशिक जिल्हा)

उत्तर : पिल्लू पहिल्या दोन आठवड्यांत आयबीने आजारी पडलं तर अंडनलिका कायमची खराब होऊ शकते. अंडाशय चालू असतं, म्हणून मागची हाडं चाचपून हे कळत नाही. त्यांच्यातली फटही अंड्यावरच्या कोंबडीसारखी रुंद लागते. पोट लोंबतं, काही पक्षी पेंग्विनसारखे उभे राहतात. पिंजऱ्यानुसार आठवडाभर अंडी मोजा, कमी अंड्यांच्या पिंजऱ्यातले पक्षी वेगळे ठेवून पाहा आणि नक्की झालं की विका. औषधावर पैसा घालवू नका.

प्रश्न : बर्ड फ्लूत भरपाई मिळते ना? (नवापूर परिसर)

उत्तर : मिळते, पण सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. २०२१ च्या दराने आठ आठवड्यांवरच्या लेअरला ९० रुपये, त्याखालच्या पिल्लाला २०, अंड्याला ३ आणि खाद्याला किलोमागे १२ मिळत होते. तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) अंड्यावर येईपर्यंतचा खर्च याच्या कितीतरी पट असतो. त्यात शेड रिकामी पडते आणि हप्ते चालूच राहतात. देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये नवापुरातच झाला, २०२१ मध्ये पुन्हा झाला. तुम्हाला हे मी काय सांगावं. पण मरतूक अचानक वाढली की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रात्रीतून गाडी भरून पक्षी विकणारे भरपाईही घालवतात आणि शेजाऱ्याचा फार्मही.

प्रश्न : मृत लसीचं (मारलेल्या विषाणूंच्या लसीचं) इंजेक्शन टाळलं तर? एकेक पक्षी धरायला मजूर मिळत नाहीत. (सोलापूर जिल्हा)

उत्तर : टाळू नका. राणीखेत, आयबी आणि ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम, अंडी घटवणारा आजार) यांची एकत्र लस १४ ते १६ आठवड्यांत द्यायची असते. पक्षी लेअर पिंजऱ्यात हलवतानाच टोचा, तेव्हा ते हातात येतातच. बाटली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. ही लस गोठली की फेकूनच द्यावी लागते.