‘कॉस्टिक’ या विशेषणाविषयी एका विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. परीक्षेच्या शब्दयादीत ‘कॉस्टिक’ या विशेषणापुढे ‘दाहक, उपरोधिक’ एवढेच छापले आहे आणि या दोन अर्थांचा एकमेकांशी काय संबंध, हे उमगत नाही, असे तू लिहिले आहेस. तुझी अडचण अगदी रास्त आहे. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ असे दोन्ही अर्थ असलेल्या शब्दाचा केवळ लक्ष्यार्थ पाठ केला, तर तो कोठे वापरावा हे कळत नाही आणि कोठे वापरू नये हे तर मुळीच कळत नाही. म्हणून ज्या वस्तूच्या गुणावरून हा शब्द रूढ झाला, ती वस्तू तू आधी नीट समजून घे.

शब्द मूळचा ग्रीक, ‘जाळणे’ या क्रियापदापासून लॅटिनमार्गे इंग्रजीत आलेला. पण येथे जळते ते ज्वालेने नव्हे. कॉस्टिक सोडा तू प्रयोगशाळेत पाहिला असशील. तुंबलेली मोरी साफ करण्यासाठी आणि साबण तयार करण्यासाठी वापरतात तोच हा सोडियम हायड्रॉक्साइड. त्याचे पांढरे पापुद्रे दिसायला निरुपद्रवी असतात. त्यांना वास नसतो. ओल्या बोटाला ते लागले, तर प्रथम बुळबुळीत वाटते, कारण त्वचेवरच्या स्निग्धांशाचाच साबण होऊ लागलेला असतो. आग होऊ लागते ती पुष्कळदा नंतर, आणि तोपर्यंत इजा आत पोहोचलेली असते. विड्यात चुना जास्त झाला की तोंड भाजते, तेही याच गुणामुळे.

अठराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ अल्कलींचे, म्हणजे आम्लाचा गुण मारणाऱ्या सोड्यासारख्या पदार्थांचे, दोन प्रकार मानत, एक ‘माइल्ड’ आणि दुसरा ‘कॉस्टिक’. धुण्याचा सोडा पहिल्या प्रकारातला. त्याच्या द्रावणात चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेला चुना, घातली की तो दुसऱ्या प्रकारात जाई. चुनकळीने भट्टीतून अग्नीचा अंश आणलेला असतो आणि तोच ती सोड्याला देते, अशी तेव्हाची समजूत होती. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले की, चुनकळी सोड्याला काही देत नाही, उलट त्याच्यातला वायू, ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, तो काढून घेते. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ‘माइल्ड’ आणि ‘कॉस्टिक’ ही विरोधी जोडी एकदा ध्यानात आली की माणसाच्या बोलण्याला हे विशेषण का लागले, हे वेगळे सांगावे लागत नाही. सौम्य शब्दांत दोष दाखवणारी टीका ‘माइल्ड’. लागताच कातडी सोलणारी टीका ‘कॉस्टिक’.

आता तुझे वाक्य पाहू. सोसायटीच्या पहारेकऱ्यावर आरडाओरडा करणाऱ्या शेजाऱ्याला तू ‘कॉस्टिक’ म्हटले आहेस. ते चुकले आहे. आरडाओरडा करणारा माणूस तापट असतो. त्याचा राग लांबून दिसतो. कॉस्टिक बोलणारा बहुधा आवाजही चढवत नाही. तो एकच नेमके वाक्य बोलतो आणि ते ऐकणाऱ्याच्या जिव्हारी लागते. म्हणूनच इंग्रजीत हे विशेषण रिमार्क, कॉमेंट, विट, ह्यूमर, टंग अशा शब्दांबरोबर वारंवार येते. मराठीत आपण ‘झोंबणारे बोलणे’ म्हणतो, ते याच्या पुष्कळ जवळ जाते, कारण झोंबणे हे क्रियापदही मिरचीपासून शब्दांपर्यंत असेच सरकत आलेले आहे. मात्र उलट दिशेने हे साम्य ताणू नकोस; मिरचीला किंवा उन्हाला इंग्रजीत कोणी ‘कॉस्टिक’ म्हणत नाही.

यादीतल्या ‘उपरोधिक’ या प्रतिशब्दावर माझा आक्षेप आहे. उपरोधात मनात असते त्याच्या उलट बोलले जाते. त्यासाठी ‘सार्कॅस्टिक’ हा शब्द आहे. कॉस्टिक शेरा उपरोधिक असू शकतो, पण तसा असलाच पाहिजे असे नाही. ‘तुमच्या पुस्तकातले कोरे पान तेवढे वाचनीय आहे,’ हा शेरा कॉस्टिक आहे, आणि त्यात उलट असे काहीही बोललेले नाही. तसेच ‘कोरोसिव्ह’पासूनही याला वेगळे ठेव. गंज जसा सावकाश लोखंड खातो, तसा भ्रष्टाचार एखादी संस्था पोखरतो, तेव्हा ‘कोरोसिव्ह’ शोभते. एका वाक्याच्या चटक्याला ते शोभत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोशातल्या प्रतिशब्दांवरून सहसा लक्षात येत नाही. हा शब्द नेहमी निंदेचाच असतो असे नाही. सत्ताधाऱ्यांच्या ढोंगावर लिहिणाऱ्या लेखकाच्या ‘कॉस्टिक विट’चे इंग्रजी समीक्षक कौतुकही करतात, तोच गुण वर्गात मुलांना घालूनपाडून बोलणाऱ्या शिक्षकात असेल, तर तो शब्द दोष दाखवतो. बोचणारे वाक्य बलवानावर गेले की दुबळ्यावर, यावर त्याची छटा ठरते, आणि ती ओळखण्यासाठी संपूर्ण परिच्छेद वाचावा लागतो. म्हणून यादीवर विसंबून न राहता इंग्रजी वृत्तपत्रांतील पुस्तक-परीक्षणे आणि संपादकीय पानावरील लेख वाचत जा. हा शब्द तेथे तुला वरचेवर भेटेल.

पुढच्या पत्रात तीन वाक्ये लिहून पाठव. एकात ‘कॉस्टिक’ पदार्थाविषयी असावा, एकात शेऱ्याविषयी, आणि तिसऱ्यात शेजाऱ्याच्या त्या आरडाओरड्यासाठी तुला सुचलेले दुसरे विशेषण असावे. त्यानंतर ‘ॲक्रिड’ घेऊ. त्याची सुरुवात जळत्या रबराच्या धुरापासून करावी लागेल.

तुझा,
सर