पखवाजाची धूम कुठे हरवते?

वाचकांचे प्रश्न : ध्वनिमुद्रण

प्रश्न : आमच्या मंडळाचं भजन देवळाच्या सभामंडपात रेकॉर्ड केलं. पखवाजाच्या दोन्ही तोंडांना जवळून एकेक माइक, तिसरा समोर 3 मीटर मागे. बसल्या जागी धूम (पखवाजाचं डावं, खर्जाचं तोंड) छान घुमत होती, रेकॉर्डिंगमध्ये मात्र पखवाज पोकळ वाटतो. बास वाढवला की नुसता गुणगुणाट होतो. – एक वाचक, कणकवली

उत्तर : इक्यूला (आवाजातल्या ठरावीक वारंवारता कमी-जास्त करण्याच्या सोयीला) इतक्यात हात लावू नका. धुमेवर थाप पडली की ती पुडी, म्हणजे तिचं कातडं, आत जाते, आतली हवा दाबली जाते आणि उजवीकडची शाईची पुडी बाहेर ढकलली जाते. म्हणजे एका माइकपासून कातडं लांब जात असताना दुसऱ्याकडे येत असतं. असे दोन ट्रॅक एकत्र केले की खर्ज एकमेकांना खातो. दोन्ही ट्रॅक मोनोत (एकत्र करून) ऐका, एकाचं फेजचं (लहर उलटी करणारं) बटन दाबा आणि ज्या स्थितीत धूम भरीव वाटेल तीच ठेवा.

मग तिसरा माइक. आवाजाला 3 मीटर जायला सुमारे 8.7 मिलिसेकंद लागतात. एवढ्या उशिराने 57 आणि 171 हर्ट्झच्या आसपासचा आवाज उलटा येऊन भिडतो, आणि धुमेचा जीव तर याच भागात असतो. तो ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवा किंवा त्यातला 200 हर्ट्झखालचा भाग कापा. सभामंडपाचा घुमारा हवा असेल तर कापणंच बरं. सरकवल्यावर जागा लहान वाटू लागते.

आता इक्यू. 40 हर्ट्झखालचं सगळं काढा. धुमेची मुख्य वारंवारता अॅनालायझरमध्ये (वारंवारतांच्या आलेखात) शोधा. उदाहरणार्थ पट्टी काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा) असेल आणि धूम खर्जातल्या सावर लावली असेल, तर ती 69 हर्ट्झच्या आसपास दिसेल. तिथे 2-3 डेसिबल पुरे. डबा वाजल्यासारखा आवाज 300 ते 450 हर्ट्झमध्ये असतो, तिथून 3-4 डेसिबल काढा. धुमेवर लावलेली कणीक वाळत गेली की तिचं वजन घटतं आणि स्वर चढतो. त्यामुळे पहिल्या अभंगाला जुळलेला इक्यू शेवटच्या गजरापर्यंत टिकेलच असं नाही.

भरदारपणा खरा येतो तो समांतर कॉम्प्रेशनने, म्हणजे मूळ आवाजाखाली त्याचीच दाबलेली प्रत मिसळून. पखवाजाची एक प्रत वेगळ्या बसवर (मिक्समधल्या स्वतंत्र वाटेवर) घ्या. रेशो (दाबण्याचं प्रमाण) 8:1, अटॅक (दाब सुरू व्हायचा वेळ) 5 मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायचा वेळ) 100च्या आसपास, 10 डेसिबल दाब. चौगुणीत (चौपट लयीत) बोल दाट होतात, तिथे रिलीज 50वर आणा, नाहीतर कॉम्प्रेसर सुटतच नाही आणि बोल एकमेकांत चिकटतात. ही प्रत मूळ ट्रॅकखाली हळूहळू वर आणा आणि ती जाणवायला लागली की जरा मागे घ्या.

इथे अडचण होते ती झांजेची. कॉम्प्रेसर बोलांमधल्या फटीत शिरलेली झांज उचलतो आणि पखवाजाऐवजी झांजच भरदार होते! म्हणून कॉम्प्रेसरच्या आधी त्या बसवर 2 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापा. शाईची धार मूळ ट्रॅकमधून येतेच.

मोबाइलच्या स्पीकरवर 69 हर्ट्झ ऐकूच येत नाही, आणि भजन ऐकलं जातं ते बहुधा तिथेच. त्याच बसवर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलका खरखरीतपणा देणारा परिणाम) द्या. त्यातून 138, 207 असे वरचे अंश तयार होतात आणि त्यावरून कान धूम ओळखतो. प्रत्येक पायरीनंतर पातळी सारखी करूनच तुलना करा. मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो.

प्रश्न : पावसाळ्यात वादी (पुड्या ताणणारी चामड्याची पट्टी) ढिली पडून पखवाज उतरला होता. मिक्समध्ये पट्टी चढवता येईल? – एक वाचक, गुहागर

उत्तर : अर्ध्या स्वरापर्यंत येईल, पण त्या माइकमध्ये शिरलेली पेटीही सोबत चढते आणि मूळ पेटीशी बेसूर होते. शाईची आस (थापेनंतर रेंगाळणारा नाद) तर परत येत नाहीच. दर दोन अभंगांनंतर वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून पखवाज सुरात मिळवून घ्या आणि तेवढ्यापुरतं रेकॉर्डिंग थांबवा.