लातूरच्या काळ्या मातीत विटांचे उंच वाफे बांधावेत का?

तुम्ही सहा घरांनी मिळून लातूरजवळच्या मोकळ्या प्लॉटचे 20 बाय 30 फुटांचे तुकडे वाटून घेतलेत. माती काळी, पाणी बोअरचं. विटांचे दोन फूट उंच वाफे बांधून त्यात विकतची लाल माती भरावी का आणि पहिल्या पावसाळ्यात काय लावावं, हे तुम्हाला हवंय. मी अंबाजोगाईला एवढाच तुकडा नऊ वर्षांपासून करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

विटा आणू नका. तो पैसा शेणखतात आणि ठिबकच्या नळ्यांत घाला.

आपली माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात माझ्या वाफ्याशेजारच्या भेगेत हात मनगटापर्यंत जातो. दुसऱ्या वर्षी मीही एक वाफा विटांचा बांधला होता. श्रावणात त्याचे कोपरे उघडले आणि दिवाळीपर्यंत एक भिंत बाहेर झुकली. पक्का पाया काढायचा तर मुरूम लागेपर्यंत खणावं लागेल, आणि भाजीच्या वाफ्यासाठी कुणी एवढं करू नये. शिवाय दोन फूट वर उचललेली माती एप्रिल-मेच्या उन्हात चारी बाजूंनी तापते. सकाळी दिलेलं पाणी संध्याकाळी शोधूनही सापडत नाही.

मातीचेच गादीवाफे करा: चार फूट रुंद, सहा ते आठ इंच उंच, मधे दीड फुटाची वाट. चार फूट यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. भारी जमीन तुडवली गेली की तिच्यातली हवा जाते आणि ती परत आणायला वर्ष लागतं. पावसाळ्यात ही उंची फार कामाची असते. झडीत काळ्या रानात पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि हिरवीगार मिरची दोन दिवसांत मान टाकते. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट संस्थेनं खोल काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली, तीही याच कारणासाठी. आज आपल्याकडे सोयाबीन बीबीएफवर (ब्रॉड बेड फरो, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर) पेरतात, ते हेच.

पण फेब्रुवारी लागला की मी वाफा उलटा करतो. मधली माती कडेला ओढतो आणि वाफा वाटेपेक्षा चार बोटं खोल करतो. मग दिलेलं पाणी वाफ्यातच मुरतं, वाहून जात नाही. विटांच्या वाफ्याला असं वर-खाली करता येत नाही, माझ्या मते त्याचा हाच सगळ्यात मोठा तोटा.

आता वाफशाचं, म्हणजे माती खणण्याजोगी ओलसर कधी होते त्याचं. शेजारच्या मळ्यातले एक आजोबा पहिल्या वर्षी मला रोज म्हणायचे, "वल हाय अजून, हात नका लावू." मी घाईनं खणलं आणि निघालेली ढेकळं पुढं कुदळीनंही फुटेनात. तेव्हापासून चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडतो. गोळा नुसता चपटा झाला तर थांबायचं. पडल्यावर भुगा झाला आणि हाताला चिखल लागला नाही, तर वाफसा आला. ही वेळ दोन-तीन दिवसच मिळते, तेव्हा सहाही घरांनी त्या दिवसांत बाकीची कामं बाजूला ठेवा.

लाल माती नको, वाळूही नको. थोडी वाळू टाकून चिकण माती मोकळी होत नाही. चौरस मीटरला दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत दरवर्षी घाला. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते. खत पसरताना इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी दिसली तर वेचून काढा. आणि चुलीतली राख वाफ्यात टाकू नका. आपली जमीन आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट) आणि चुनखडीची, राखेनं ते वाढतं. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) मातीत टाकलं तर तेही अडकून बसतं. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा.

पाण्याचा हिशेब आधी मांडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मेमध्ये भाजीला चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर तरी लागतं. तुमचा अख्खा तुकडा साधारण 56 चौरस मीटरचा, म्हणजे तीनशे लिटरच्या आसपास. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात हे चालणार नाही. म्हणून उन्हाळ्यात 4 बाय 10 फुटांचे एक-दोन वाफेच हिरवे ठेवा, प्रत्येकाला दोन बादल्या पुरतात. बाकीचे सोयाबीनच्या गुळीनं (मळणीनंतरच्या भुशानं) तीन बोटं झाकून टाका.

पहिल्या पावसाळ्यात महालक्ष्म्या (गौरी) आणि त्यांच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या डोळ्यांपुढे ठेवून लावा. त्यांपैकी भेंडी, गवार, दोडका, कारलं, अंबाडी, आंबटचुका एवढं तरी घरचं निघावं. मृगाचा चांगला पाऊस झाला की वेल आणि भेंडी टोका. भेंडी पन्नास दिवसांत ताटात येते. मेथी, पालक, करडईची भाजी यांची घाई नको, ती थंडीत सुखानं येतात.

दसऱ्याचा झेंडू तारखेवरून मागं मोजायचा: दसऱ्याच्या नव्वद दिवस आधी रोपांसाठी बी टाका, पंचवीस-तीस दिवसांनी रोपं वाफ्यात लावा, पुढं तीन आठवड्यांनी शेंडा खुडा. शेंडा खुडताना जीव कचरतो, पण फांद्या त्यामुळेच फुटतात. थोडा झेंडू टोमॅटोच्या वाफ्याकडेलाही लावा. फळ पोखरणारी अळी त्याच्या फुलांकडे वळते आणि त्याच्या मुळांनी सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) कमी होतात.

भेंडीचं बी 'परभणी क्रांती'चं मिळालं तर तेच घ्या. पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठी आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला हा वाण. तो संकरित नाही, त्यामुळे बी घरी धरता येतं. सगळ्यात निरोगी झाडाला दोरा बांधा आणि त्याच्या पाच-सहा शेंगा झाडावरच वाळू द्या. शेंगेच्या शिवणी उकलू लागल्या की काढून सावलीत ठेवा. पुढच्या मृगाला सहाही घरांना पुरेल एवढं बी त्यात निघतं.