गुत्त्यात राहायचं का?

प्रश्न : मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो. सप्टेंबरात आम्हा दोघांना यॉर्कशर डेल्स दाखवणार आहे. मुक्कामाला हॉटेल नाही, खेड्यातला पब ठरवलाय. वर खोल्या आहेत म्हणे. यांना बिअर चालते. मी शाकाहारी, दारूच्या वासानं माझं डोकं उठतं. गुत्त्यात राहायचं कसं? मुलाला विचारायला संकोच वाटतो.
— सौ. व. कु., मिरज

उत्तर : वहिनी, आधी तो गुत्ता डोक्यातून काढा. मी तेवीस वर्षं यॉर्कशरमधल्याच कीथली गावात काढली, आणि तिथल्या पबात आजीबाई विणकाम घेऊन बसलेल्या पाहिल्यात. शेकोटीपुढे ओलं कुत्रं पसरलेलं असतं, त्याला कोणी हाकलत नाही. 2007 पासून आत सिगारेट बंद आहे. जुन्या गालिच्यात मुरलेला बिअरचा वास मात्र येणार, खोटं कशाला सांगू! खिडकीशी बसा, नाहीतर मागच्या बागेत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही टेबलाशी पंचवीस मिनिटं वेटरची वाट पाहिली. तिथं बहुतेक ठिकाणी आपणच काउंटरवर जाऊन सांगायचं असतं. शेवटी मालकीणबाई आल्या आणि मला म्हणाल्या, ‘काय हवंय, लव्ह?’ मी गोरीमोरी. तिकडे ते आपल्या ‘बाई गं’सारखं आहे, पोस्टमनपासून सगळे म्हणतात. तुम्हालाही म्हणतील, भावजींनाही.

भावजींना एक सांगून ठेवा : गावची एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, गारढोण नसते. पिंपात तिचं आंबणं चालूच असतं, तळघरात 11 ते 13 अंशांवर ठेवतात आणि लांब दांड्याचा पंप हातानं ओढून ग्लास भरतात. आमच्या यांनी पहिला घोट घेऊन विचारलं होतं, ‘उन्हात ठेवली होती का?’ पुढे तेच कीथलीच्या टिमथी टेलर कंपनीच्या ‘लँडलॉर्ड’ बिअरशिवाय दुसऱ्या कशाला हात लावेनात. पाइंट म्हणजे 568 मिली, तेव्हा आधी ‘हाफ’ मागायला सांगा. आणि भावजी गुरुवार पाळत असतील तर ऐका, पिंपातली बिअर निवळायला बरेचदा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. विचारलं तर सांगतात.

तुमच्या जेवणाचं जरा नीट बघावं लागेल. चिप्स म्हणजे बटाटेच, पण यॉर्कशरमध्ये ते गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे. ‘बीफ ड्रिपिंग आहे का?’ असं सरळ विचारा, कोणाला राग येत नाही. यॉर्कशर पुडिंग नावालाच पुडिंग. ते गोड नसतं, त्यात अंडं असतं आणि वर मटणाबिटणाची ग्रेव्ही ओततात. भाज्यांचं सूप आणि पाव बहुतेक ठिकाणी मिळतो, तरी रस्सा कशाचा ते विचारा. ‘प्लाउमन्स’ मागवलंत तर पाव, चीजचा ठोकळा आणि ‘पिकल’ येईल. ते आपलं लोणचं नव्हे, काळपट, आंबटगोड काहीतरी असतं. हॅमचा तुकडा नको म्हणून आधीच सांगा. बॅगेत लिंबाच्या लोणच्याची बाटली असू द्या, मी नेहमी नेते.

वेळेचंही बघा. पुष्कळ ठिकाणी दुपारी दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद होतं ते सहाला उघडतं. एकदा आम्ही भिजत पावणेतीनला पोचलो आणि बटाट्याच्या वेफर्सच्या पुड्यावर संध्याकाळ गाठली.

खोली बारच्या बरोबर वर नको, हे मुलाला आजच सांगा. जिना अरुंद, तुळया खाली असतात. तो उंच असेल तर कपाळ सांभाळू दे. डेल्समधला टॅन हिलचा पब 1,732 फुटांवर, ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा. नोव्हेंबर 2021च्या हिमवादळात तिथं साठेक माणसं तीन रात्री अडकली होती, गाणाऱ्या बँडसकट! तुम्हाला सप्टेंबरात ती भीती नाही, पण स्वेटर घ्या.

नाश्त्याला मांस नको हे आदल्या रात्रीच सांगा. टोस्ट, बीन्स, मशरूम, टोमॅटो मिळतात. खोलीत बहुधा किटली असते. दुधाच्या मात्र बोटभर डब्या ठेवतात, चार फोडाल तेव्हा एक कप होतो. खाली जाऊन मागा, पेलाभर देतात.