लिथियम चालू असताना महिन्यातून एखादी बिअर चालते का? आणि त्या रात्री गोळी स्किप केलेली बरी का?

बिअरचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नातलं ते दुसरं वाक्य वाचलं आणि जेवता जेवता हात थांबला, कारण हेच डोकं मीही चालवलं होतं, आणि आमच्या सासरवाडीत आजही माझी ओळख "लग्नात पिऊन पडलेले जावई" अशीच आहे. तर आज एकदाचं लिहूनच टाकतो. ज्या दिवशी मी पडलो त्या दिवशी मी एक थेंबही घेतलेला नव्हता.

मे महिना, अमळनेरकडे मेहुण्याचं लग्न. खान्देशातला मे काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको, पत्र्याच्या मांडवाखाली ४४-४५ डिग्री, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. मी तेव्हा चार वर्षांपासून बायपोलरसाठी (मन कधी अति उसळतं, कधी खाली जातं तो आजार) रात्री ३०० मिलिग्रॅमच्या तीन लिथियम घ्यायचो, रक्तातली लिथियमची लेव्हल ०.८ च्या आसपास, सगळं सुरळीत. लग्नाच्या दोन दिवस आधी मळ्यात भरीत-पुरीचा बेत होता, आमचे मोठे साडू म्हणजे त्या कार्यक्रमाचे सर्वेसर्वा. मी नको म्हटलं, गोळ्या चालू आहेत म्हटलं. तर म्हणे, "बिअरमा काय व्हस रे भो, ती ते पानीज शे." (बिअरनं काय होतं, ती तर पाणीच.) चार पाव्हण्यांत जास्त ताणता येत नाही हो, आणि खरं सांगायचं तर मलाही प्यायचीच होती. दोन बाटल्या घेतल्या आणि अगदी शहाण्यासारखं ठरवलं की दारूवर गोळी नको, म्हणून रात्रीचा डोस सोडला. दुसऱ्या दिवशी हळद, पुन्हा दोन बिअर, पुन्हा डोस नाही. झोप दोन्ही रात्री मिळून चार-पाच तास. त्यात मांडवाची उचलाउचल करून कंबर धरलेली, तर साडूंनीच दिलेली अंगदुखीची गोळी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ चालू.

लग्नाच्या सकाळी पोट बिघडलं. दोनदा उलटी, चार-पाच वेळा संडास, पाणी प्यायची इच्छा नाही. आणि मग घाबरलो की दोन डोस राहिले, आता डोकं फिरलं तर भर लग्नात तमाशा होईल, म्हणून भरून काढायला एकदम सहा गोळ्या घेतल्या. स्वतःच स्वतःचा डॉक्टर.

दुपारपासून हात थरथरायला लागले. साधे नाही, चहाचा कप बशीवर वाजत होता. जीभ जड, बोलणं अडखळत, चालताना पाय एकीकडे आणि मी एकीकडे. मुहूर्ताला माझ्या हातात अक्षतांचं ताट होतं ते सुटलं, आणि स्टेजच्या पायरीवरून मी आडवा. साडूंनी सगळ्यांच्या देखत हसत हसत सांगितलं, "रातनी आजून उतरनी नही." लोक हसले. सासरे उठून गेले. माझ्या तोंडाला वास नव्हता, पण वास घ्यायला कोण जवळ येतं?

बायकोनं मात्र गाडी काढायला लावली, वरणबट्टीची पंगत तशीच सोडून आम्ही धरणगाव मार्गे जळगाव. तिथेही कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न "किती घेतली?" बायकोनं पर्समधून लिथियमची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली, तेव्हा त्या डॉक्टरचा चेहरा बदलला. रक्त काढलं. लेव्हल १.९. दीडच्या वर गेली की विषबाधा धरतात. लगेच लिथियम बंद, सलाईन, आणि पुन्हा पुन्हा लेव्हल. डायलिसिसपर्यंत गेलं नाही हे नशीब.

नंतर माझ्या डॉक्टरांनी समजावलं ते असं की लिथियम हा मिठासारखाच क्षार, किडनी दोघांना जवळपास सारखंच वागवते. घाम, उलटी, जुलाब, बिअरनं होणारी लघवी यानं अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की किडनी मीठ धरून ठेवायला बघते आणि त्यासोबत लिथियमही धरून ठेवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी लेव्हल आणखी चढते. म्हणजे माझ्या बाबतीत ऊन, बिअर, जुलाब, अंगदुखीची गोळी आणि वरून डबल डोस, सगळं एकाच दिवशी येऊन बसलं. आणि लिथियम चढलेला माणूस दिसतो कसा? अगदी प्यायलेल्यासारखा.

पुढचं थोडक्यात. झोप मोडलेली, लिथियम थांबलेलं, तीन आठवड्यांत मॅनिया, म्हणजे मन अति उसळलेलं. एका रात्रीत दोन म्हशींचा सौदा केला, अकरा हजार बयाणा देऊन आलो. आमच्याकडे गोठा नाही.

तर तुमची बिअर. माझ्या डॉक्टरांचं उत्तर सरळ आहे, नाही घेतली तर सगळ्यात बरं. दारू झोप बिघडवते, आणि आपल्या आजारात झोप बिघडली की पुढचं तुम्हाला माहीत आहे, दुसऱ्या दिवशी मन खाली जातं ते वेगळंच. सातपुड्यातली मोहाची असो की बाटलीतली महागडी, अंगात गेल्यावर एकच. तरी कधी घेतलीच तर लिथियम मनानं सोडू नका, आणि राहिलेली भरून काढायला डबल तर अजिबात नको, डॉक्टरांना फोन करा. महिन्यातून एकदा म्हणता, पण आपल्याकडे लग्नसराईत महिन्याला सहा लग्नं असतात हेही मोजा. मी आता घेत नाही. "काय व्हस" म्हणणारा माणूस रक्त तपासायला सोबत येत नाही, एवढा अनुभव मला पुरला. आणि साडू हे वाचत असतील (त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर वाचतातच), तर पंगतीत आग्रह जिलेबीचा करावा.

हे सगळं लिथियमचं झालं, आणि मी डॉक्टर नाही. वाचणाऱ्या कोणाची याच आजारावरची गोळी वॅल्प्रोएट असेल तर लिव्हरचा प्रश्न येतो, क्वेटियापिन किंवा ओलान्झापिन असेल तर गुंगी दुप्पट. क्लोनाझेपामसारखी झोपेची गोळी असेल तर तिच्यासोबत दारू कधीच नको, श्वास मंदावतो, ते लिथियमसारखं प्रकरण नाही. आणि रोज पिणारा कोणी हे वाचून आजच एकदम बंद करणार असेल तर तेही नको, फिट येऊ शकते, डॉक्टरला सांगून कमी करा. डॉक्टरला सांगायची लाज वाटत असेल तर १४४१६ या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, टेली-मानसला, फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. लेव्हल करायला सकाळी गोळी न घेता जा, रात्रीच्या डोसला साधारण बारा तास झालेले पाहिजेत. किडनी आणि थायरॉईडची तपासणी तुम्ही करत असालच.

त्या दिवशीच्या रिपोर्टचा फोटो मी मोबाईलमध्ये जपून ठेवलाय. गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साडू आमरस खायला आले होते, तेव्हा काढून त्यांच्यासमोर धरला, बोटानं १.९ दाखवलं. म्हणे चष्मा घरी राहिला.